घरात शेवटचं कोण गेलं?

भाड्याचं घर बघायला गेलं की मालक काय विचारतो? नोकरी कुठे, माणसं किती, मटण-मच्छी करता का. जळगावचे आमचे घरमालक नाना यांनी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे न करता विचारलं, "तुमच्या घरात शेवटचं कोण गेलं?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे, वारलं कोण? माझी आजी. बरीच वर्षं झाली."

"तिचं काय काय ठेवलंय?"

"काही नाही."

"नीट आठवा. अडकित्ता? चष्मा? पितळी डबा?"

"नाही हो नाना, काहीच नाही."

"मग राहा," असं म्हणून त्यांनी किल्ली काढून दिली. भाडं किती, पाणी कधी येतं, हे सगळं त्यानंतर. जिना उतरताना मी नवऱ्याला म्हटलं, हा माणूस सटकलेला आहे, दुसरं घर बघू. पण वरचा मजला हवेशीर होता आणि माझं ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ, म्हणून राहिलो.

नाना उंच, काटकुळे, पुढे वाकलेले. सिटी सर्व्हेत मोजणीदार म्हणून उभी हयात गेली होती. निवृत्त झाले तरी गळ्यात दोरीला होकायंत्र आणि सदऱ्याच्या खिशात खडेमिठाची पुडी. बायको गेल्यावर त्यांना बसस्टँडवरच्या स्टॉलवर फेंगशुईचं एक मराठी पुस्तक मिळालं, आणि पुढे मुलीने मोबाईल दिल्यावर तर विचारायलाच नको. दिवसभर व्हिडिओ. 'चिनी शास्त्र' म्हणत ते त्याला, आदराने. हसरा बुद्ध फ्रीजवर, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक उंबऱ्याच्या आत, दारावर आठ कोनांचा आरसा. त्या आरशातलं ऊन सकाळी समोरच्या टेलरच्या थेट डोळ्यांत जायचं. टेलर ओरडायचा, "नाना, तुमचं शास्त्र माझ्या मशीनवर येतंय!" नाना आरसा बोटभर सरकवायचे, मग ऊन टेलरच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत.

प्रत्येक दाराला पवनघंटी. आता जळगावात एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा कसा सुटतो ते ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. त्या झळांमध्ये सगळ्या घंट्या एकदम पिसाळायच्या. नाना म्हणायचे, चांगली ऊर्जा येतेय. मी म्हणायचे, नाना, माझं डोकं उठलंय, ऊर्जेला म्हणावं जरा हळू.

पण ही सगळी वरवरची गंमत. त्यांचा खरा विषय एकच, गेलेल्या माणसाच्या वस्तू. त्यात त्यांचे नियम ठरलेले. चपला आधी बाहेर. चष्मा ठेवायचा नाही, त्यात नजर अडकते. पलंग बदलायचा. फोटो दक्षिणेच्या भिंतीला, पण झोपायच्या खोलीत कधीच नाही. "माणूस जातो ताई, वस्तूला ते कळत नाही," म्हणायचे, "ती वाट बघत बसते. आणि घरात कोणी सतत वाट बघत बसलं, की नवीन काही आत येत नाही." आवाज अगदी मऊ. त्यामुळेच जास्त भीती वाटायची.

लोकांना हे पटायचं, म्हणजे पटण्याइतकी भीती तर प्रत्येकाच्याच मनात असते. कोणाच्या मुलीचं लग्न जमत नसलं, दुकान बसलं, की येत नानांकडे. एका मारवाडी बाईंनी नवऱ्याचे बूट आणले होते, खोक्यातून न काढलेले, कोरे करकरीत. एक गृहस्थ वडिलांची कवळी डब्यात घालून घेऊन आले. "फेकवत नाही हो नाना, आणि फडताळात ठेवली की बायको स्वयंपाकघरात जात नाही." नानांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, वर चिमूटभर मीठ टाकलं, म्हणाले, "मी गिरणा नदीत सोडून येतो. तुम्ही मागे वळून न बघता घरी जा." मग ते स्कूटर काढून पिशवी हँडलला अडकवून निघायचे. याला ते 'पाठवणी' म्हणत. आल्यावर एका मोठ्या स्टीलच्या पातेल्यात मीठपाणी करून अख्खी फरशी स्वतः पुसायचे. त्या पातेल्यात त्यांनी कधी दूध तापवलं नाही की भात केला नाही. एकदा मी मीठपाण्याला साधी बादली दिली, तर म्हणाले, "नको. हेच."

मागची एक खोली कायम बंद. तिच्या उंबऱ्यावर मिठाची रेघ. मी त्या बाजूला जायची नाही.

मी एरवी अशी घाबरट नाही. ऑफिसात माझ्या जिभेला लोक टरकतात. पण तेव्हा मला दिवस होते, आणि त्याआधी दोनदा पोटातलं राहिलं नव्हतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून पीत होते. जिन्याची पायरी, कुत्र्याचं रडणं, नवऱ्याची शिंक, सगळ्यात मला काहीतरी दिसायचं. हे बाळ मला हवं होतं. बाकी कशाचं मला काही नव्हतं.

आणि त्यातच होळीच्या सुमाराला शिंदखेड्याला सासरे गेले. कूलरसमोर.

तो कूलर त्यांनी स्वतः केलेला. धुळ्याहून पत्रा आणला, घरी कापला, जाळीत वाळा भरला. दरवर्षी होळी झाली की तो धुऊन पुसून बाहेर काढायचे. त्या दिवशीही काढला, पाणी भरलं, बनियन काढून समोर बसले, म्हणाले, "मस्त हवा येते," आणि मान टाकली. सासूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा कूलर चालूच होता.

तेराव्यानंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. टेम्पोत एक पत्र्याची पेटी, एक गोधडी आणि तो कूलर. नाना फाटकातच उभे.

"अक्का, हा कोणाचा?"

सासूबाई भोळ्या, सांगून बसल्या. कसा केला, कसे गेले, सगळं. नानांचा चेहरा पडला. ते होकायंत्र हातात धरून कूलरजवळ गेले, आणि सुई गर्रकन वळली. उत्तर सोडून थेट कूलरकडे. "बघा ताई," ते हळूच मला म्हणाले. "शेवटचा श्वास याच्याच हवेत गेलाय. तीच हवा आता तुमच्या घरात फिरणार."

माझा हात आपोआप पोटावर गेला.

सासूबाईंनी ऐकलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हा चढवला. "तुमले काय करनं शे? मना घरधनीना हातनं काम शे हाई!" आणि टेम्पोवाल्याला दटावून त्यांनी कूलर वर चढवून घेतला.

मी माहेरची नगरची, अहिराणी मला तेव्हा अर्धीमुर्धी कळायची, पण तुम्हाला काय करायचंय, माझ्या घरधन्याच्या हातचं काम आहे हे, एवढं कळलं. नवरा म्हणाला, नानांचं काय ऐकतेस, येडा माणूस आहे. पोट त्याचं नव्हतं ना! दुपारी सासूबाई कूलर लावून त्याच्यासमोर आडव्या व्हायच्या, त्या घरघरीत त्यांना झोप लागायची. मी आतल्या खोलीत दार लावून घामाने निथळत बसायची. त्या हवेत यायची माझी हिंमत होत नव्हती. ही कसली मेली हुशारी, शिकली-सवरलेली बाई मी, आणि एका पत्र्याच्या खोक्याला घाबरून बसलेय, असं स्वतःलाच म्हणायची. पण दार उघडायची नाही.

नाना रोज जिन्याच्या पायऱ्यांवर मिठाच्या वाट्या ठेवून जायचे. सकाळी मीठ ओलसर झालेलं असलं की मान हलवायचे. मी एकदा भांडलेच. म्हटलं, "नाना, उद्यापासून वाटी दिसली तर मी आमटीत टाकीन ते मीठ!" ते म्हणाले, "चिडा ताई. पण मला तुमची काळजी वाटते."

आणि मग पाचव्या महिन्यात मला डाग दिसला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, ठोके चांगले आहेत, पण आता पलंगावरून उठायचं नाही. घाबरू नका म्हणे! मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. खालून नानांचा आवाज येत होता, नवऱ्याला सांगत होते, "अजून वेळ गेलेली नाही. तो कूलर घरातून जाऊ द्या." नवरा काय बोलला ते ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते सासूबाईंचं पाऊल. त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या, माझ्याकडे बघितलं आणि जिना उतरल्या.

"लई जावा, नाना," खाली त्या कूलर घेऊन जायला सांगत होत्या. "पोरना जीवपेक्षा कूलर मोठा शे का?"

मला उठून ओरडायचं होतं, नको, आई, राहू द्या. पण तशीच पडून राहिले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. टेलरच्या मदतीने नाना कूलर उतरवून घेऊन गेले. त्या दुपारी सासूबाई कोऱ्या भिंतीसमोर सतरंजी टाकून पदराने वारा घेत पडून होत्या. डोळे उघडेच.

दिवस जात होते, ठोके ठीक होते, आणि उकाडा असा की माठातलं पाणी गरम. सासूबाईंनी कूलरचं नाव काढलं नाही. जेवण मात्र कमी झालं. मी म्हटलं, आई, नवीन कूलर आणू. म्हणाल्या, काय करायचा, मला गरम होत नाही. जळगावात, चैत्राच्या उन्हात!

मग आखाजी आली. अक्षय तृतीया हो. आमच्या नगरकडे त्या दिवशी आमरस खाल्ला की झालं, पण खानदेशात आखाजी म्हणजे दिवाळीएवढी. गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरायची, तिच्यावर आंबा, गोड सांजोरी ठेवायची, निखाऱ्यावर घास टाकायचा आणि त्यांना जेवायला बोलवायचं. वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल तर त्याची पहिली घागर चुकवायची नाही. माझ्यामुळे शिंदखेड्याला जाता येईना, म्हणून सासऱ्यांची घागर जळगावातच भरायची ठरली.

सासूबाईंनी पहाटेपासून पुरण घातलं. घागर आणली, कुंकू लावलं. नानांना जेवायला बोलावलं होतं, ते पांढरा सदरा घालून आले, पाटाजवळ टेकले. मी पलंगावरून बघत होते. पाणी ओतता ओतता सासूबाईंचा हात थांबला.

"काय झालं, आई?" नवऱ्याने विचारलं.

"त्यासनी हाई घर देखेल नई," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी हे घर कधी बघितलंच नव्हतं, हे खरंच. "वळखीसन येवाले काहीतरी पाहिजे ना!"

 मग त्या नानांकडे वळल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात, खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारत होत्या. "नाना, तुम्ही वरीसभर बठ्ठासले घरमाईन बाहेर काढतस, आनि आखाजीले घागर भरीसन बलावतस. कसाले येतीन त्या?"

वर्षभर सगळ्यांना घराबाहेर काढायचं आणि आखाजीला बोलवायचं, मग ते येतील कशाला? चिनी शास्त्रात याचं उत्तर असेल असं मला वाटलं, कारण नानांकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं. ते उठले, ताट तसंच ठेवून जिना उतरले. थोड्या वेळाने खालून हाक आली, "जरा हात लावायला या."

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते विसरून मी कठड्याला धरून हळूहळू खाली गेले. मागची खोली उघडी होती. मिठाची रेघ पुसलेली.

सगळं तिथेच होतं. गिरणेत काहीसुद्धा गेलं नव्हतं. मारवाडी बाईंचे कोरे बूट, कवळीचा डबा, काठ्या, चष्मे, घड्याळं, कानटोप्या, एक शिलाई मशीन. प्रत्येक वस्तूखाली छोटी बशी आणि बशीत मीठ. खुंटीला एक लहान मुलाचा लाल रेनकोट होता. त्याच्याकडे मी पुन्हा बघितलं नाही. आणि मधोमध आमचा कूलर, जुन्या चादरीने झाकलेला.

मी भडकले. "नाना! तुम्ही तर सांगायचात पाठवणी केली म्हणून!"

"जायचो ना पुलापर्यंत," नाना म्हणाले. "कठड्याशी उभा राहायचो आणि परत यायचो. उद्या कोणी परत मागायला आलं तर मी काय देऊ?"

"आलं कोणी?"

"अजून नाही."

"आणि तुम्हाला नाही भीती वाटत? सगळ्या गावाचं घेऊन बसलात!"

"वाटते की. रोज वाटते. पण इथे मी एकटा. माझं आता काय जायचं राहिलंय?" ते कूलरची चादर घडी घालत होते, घडी नीट जमत नव्हती. "बायकोचं तेवढं खरंच देऊन टाकलं होतं, ताई. पोरीचं पहिलं बाळंतपण होतं. पुस्तकात वाचलं, घाबरलो. दारावर भांडेवाली आली होती. साड्या, शाल, पिशव्या, फण्यासुद्धा, सगळं दिलं. बदल्यात तिने पातेलं दिलं."

मीठपाण्याचं पातेलं. तेच.

"पोरीचं सगळं नीट झालं. आता कोणाला विचारू, साड्या दिल्या म्हणून झालं की तसंही झालं असतं?"

मला एकदम आठवलं. "आणि ती सुई? कूलरकडे वळली ती?"

नाना कसंनुसं हसले. "लोखंडाजवळ सुई फिरते. मोजणीत पहिल्या दिवशी शिकवतात, साखळी, कुऱ्हाड, सायकल लांब ठेवा. मला माहीत नसेल का? पण ताई, माहीत असणं वेगळं आणि भीती वेगळी."

 मलाही सगळं माहीतच होतं.

नवरा आणि समोरून हाकेसरशी आलेला टेलर कूलर उचलायला वाकले तेव्हा नाना दारात सासूबाईंसमोर उभे राहिले. "अक्का, मी कधी तिची घागर भरली नाही. भरली तरी तिला ओळखू येईल असं घरात काही नाही."

सासूबाईंनी पदराने हात पुसले. "तुम्ही शेतस ना, नाना. ती तुमले वळखी लेई."

नाना तिथेच उंबऱ्यावर बसले आणि मोठ्याने रडले. टेलर बिचारा कूलरचं एक टोक धरून तसाच उभा. मग सासूबाईंनी आमच्या जास्तीच्या घागरीला कुंकू लावून ती त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, आणि आमचं सगळ्यांचं जेवण दुपार कलल्यावर झालं.

कूलर वर लागला. नानांचा स्वभाव का लगेच जाणार आहे? "एवढं मात्र करू द्या," म्हणून त्यांनी टाकीत मूठभर खडेमीठ टाकलंच. नवऱ्याने बटण दाबलं. मी दारात उभी.  वाळ्याचा वास आला. सासूबाईंनी सतरंजीवर माझ्यासाठी जागा केली. मी मनात म्हटलं, देवा, काय करतेय मी, आणि जाऊन बसले. हवा चेहऱ्यावर आली. नाना भिंतीला टेकून माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांचीच मुलगी बसलीय. पोटात बाळाने लाथ मारली, चांगली सणसणीत. सासूबाईंना झोप लागली होती.

श्रावणात मुलगी झाली. धडधाकट, काळीसावळी, आजोबांचं नाक. कशामुळे नीट झालं? मिठामुळे, डॉक्टरीणबाईंमुळे, की घागरीमुळे? मला विचारू नका. नानांच्या मिठाने टाकीचा पत्रा मात्र गंजला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात डांबर लावावं लागलं.

त्या आखाजीनंतर टेलरने गावभर केलं, त्यामुळे काही लोक आपापल्या वस्तू न्यायला आले. कवळीवाले गृहस्थ पहिले. डबा छातीशी धरून गेले. रेनकोट न्यायला कोणी आलं नाही, नाना त्याच्या बशीतलं मीठ दर अमावास्येला बदलत राहिले. फेंगशुई सुटलं नाही. नवीन भाडेकरू आला तरी पहिला प्रश्न तोच, फक्त पुढचा बदलला होता. "त्यांचं काही ठेवलंय ना?" असं विचारायला लागले होते.

दोन वर्षांपूर्वी, थंडीत, नाना झोपेतच गेले. पुण्याहून मुलगी आली. घर रिकामं करताना बिचारी गोंधळली होती, बुद्ध, बेडूक, आरसे, घंट्या. "याचं काय करू हो ताई?" पातेलं तिने घट्ट धरून नेलं. म्हणाली, हे आईचं आहे ना. भांडेवालीचं मी तिला सांगितलं नाही. मी फक्त होकायंत्र मागून घेतलं.

आता आम्ही धुळ्याला असतो. नवऱ्याची बदली झाली. यंदाच्या आखाजीला सासूबाईंनी दोन घागरी मांडल्या, एक सासऱ्यांची, एक नानांची. मी म्हटलं, आई, नानांना त्यांच्या मुलीकडे बोलवतील ना. त्या म्हणाल्या, बोलवू देत, आपल्याकडेही जेवतील. पण हे घर नानांनी कधी बघितलेलं नव्हतं. कूलर चालू होता, डांबराचं ठिगळ लावलेला. मी होकायंत्र पेटीतून काढलं आणि दोरीने कूलरच्या शेजारच्या खिळ्याला अडकवलं.

सुई जरा थरथरली आणि गर्रकन कूलरकडे वळली. लोखंडामुळे वळते, हे मला माहीत आहे, नानांनीच सांगितलं होतं. तरी मी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आई, पानं वाढा. नाना आले."